वकिलाविरुद्धची तक्रार सगळ्यात आधी कोण वाचतं?

खटाव तालुक्यातल्या एका मावशींनी माझ्यासमोर कापडी पिशवी उघडली आणि टेबलावर कागद ओतले. वाटपाच्या दाव्यातला हुकूमनामा, त्याची नक्कल, झेरॉक्स सात-बारे, लग्नपत्रिकेच्या मागे लिहिलेले फोन नंबर. सगळ्यात वर सहा पानांचं हाताने लिहिलेलं पत्र. "ताई, ह्या वकिलानं माझं वाटोळं केलं. ह्याची सनद घालवायचीय मला."

मुंबईत नोकरीला असताना काही वर्षं माझं काम हेच होतं: वकिलांविरुद्ध आलेल्या तक्रारी वाचायच्या, छाननी करायची, फाईल उभी करायची. आता साताऱ्यात परत आलेय, तरी पोवई नाक्यावर कुणी ना कुणी गाठतंच. प्रश्न ठरलेले असतात. तक्रार कुठे करायची? केल्यावर होतं काय? वकिलांचं वकीलच ऐकणार ना? शेवटचा प्रश्न रास्त आहे, त्यावरही लिहिणार आहे. आधी तक्रारीचा प्रवास सांगते. मावशींची गोष्ट मी चार-पाच फाइलींवरून बेतली आहे, कुणाला ओळखू येऊ नये म्हणून तपशील बदलले आहेत.

आपल्याकडे वकिलाची सनद, म्हणजे वकिली करायचा परवाना, देतं आणि काढून घेतं ते राज्याचं बार कौन्सिल. महाराष्ट्र आणि गोव्याचं मिळून एक आहे, कार्यालय मुंबईत. कायदा १९६१चा, अधिवक्ता अधिनियम. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि कोल्हापूरसाठी उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ला कोल्हापुरात सुरू झालं. तेव्हापासून वकिलाविरुद्धची तक्रारही तिथेच द्यायची, असा अनेकांचा समज झालाय. तसं नाही. कोर्ट वेगळं, कौन्सिल वेगळं. जिल्हा न्यायालयाच्या आवारातली वकील संघटना म्हणजेही कौन्सिल नव्हे. संघटनेच्या अध्यक्षांना भेटून वाद मिटत असेल तर उत्तमच, पण सनदेला हात लावायचा अधिकार त्यांना नाही.

कायद्याचं कलम ३५ दोन पायऱ्यांचं आहे. ते नीट कळलं की बाकीचं आपोआप कळतं. पहिली पायरी: तक्रार वाचून, या वकिलाने व्यावसायिक किंवा इतर गैरवर्तन केलं आहे असं मानायला कारण आहे का, हे कौन्सिल ठरवतं. कारण दिसलं तर प्रकरण शिस्तपालन समितीकडे जातं. ही दुसरी पायरी. समिती तिघांची असते. दोघे कौन्सिलच्या निवडून आलेल्या सदस्यांमधून आणि एक बाहेरचा अनुभवी वकील. समिती संबंधित वकिलाला आणि राज्याच्या महाधिवक्त्यांना नोटीस काढते, साक्षीदार बोलावते, कागद मागवते. त्यासाठी दिवाणी न्यायालयासारखे अधिकार तिला दिलेले आहेत. शेवटी चारपैकी एक गोष्ट होते: तक्रार फेटाळणं, ताकीद देणं, ठराविक काळासाठी निलंबन, किंवा वकिलांच्या यादीतून नाव कायमचं काढून टाकणं.

छाननीचं काम पहिल्या पायरीच्याही अलीकडचं. छाननी करणारा काहीच ठरवत नाही. दोषी कोण, हे त्याला विचारलं जात नाही आणि त्याने मनातही ठरवू नये. पण पुढचे सगळे जे वाचणार आहेत ती फाईल त्याच्या हातून तयार होते. म्हणून तक्रार लिहिताना आपलं पत्र आधी याच माणसाच्या टेबलावर जाणार आहे, हे लक्षात असलेलं बरं. त्याला आपलं गाव माहीत नाही, भाऊबंदकी माहीत नाही, वकीलसाहेबांचा दरारा माहीत नाही. त्याच्यासमोर फक्त कागद आहेत.

मावशींच्या पत्राची पहिली अडीच पानं थोरल्या दिरांवर होती. बांध कसा कोरला, विहिरीवर कसं येऊ दिलं नाही, नवरा गेल्यावर कोण काय बोललं. तिसऱ्या पानावर पहिल्यांदा वकील आले, तेही "मग वकील दिला" एवढ्याच शब्दांत. पाचव्या पानावर एक वाक्य होतं: "अपील टाकतो म्हणाले आणि टाकलंच नाही." तक्रार तेवढीच होती. बाकीची पाच पानं आयुष्यातलं दुःख होतं. ते खोटं नव्हतं, फक्त वकिलाविरुद्धची तक्रार नव्हतं.

हे म्हणताना मी कोरडी वाटत असेन, पण अशी पत्रं वाचताना घशात आवंढा यायचा. तरीही कामाचा पहिला नियम हाच की दुःख आणि आरोप वेगळे करायचे. दुःखाला उत्तर द्यायची ताकद या कलमात नाही, आरोपाला आहे.

मग आम्ही तारखा लावायला बसलो. कामाचा खरा गाभा इथे आहे, म्हणून जरा तपशिलात सांगते. मावशींना एकही तारीख आठवत नव्हती, पण सण सगळे आठवत होते. "वकीलपत्रावर सही कधी केली?" "होळीच्या दिवशी. पोळ्या करायच्या सोडून एसटीनं आले होते." २०२३ची होळी ६ मार्चला होती. "पैसे?" "दहा हजार तवाच दिले, रोख. पाच मागनं दिले, पाडव्याच्या दोन दिस आधी, पुतण्याच्या फोनवरनं." पुतण्याच्या फोनमध्ये २० मार्चची नोंद सापडली. हुकूमनाम्याची तारीख कागदावरच होती, १३ फेब्रुवारी २०२३. नकलेच्या शिक्क्यावर अर्जाची तारीख १५ फेब्रुवारी आणि नक्कल मिळाल्याची २ मार्च.

हे शिक्के का पाहायचे? दिवाणी न्यायालयाच्या निकालावर जिल्हा न्यायालयात अपील करायला ३० दिवस असतात आणि नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस त्यातून वगळतात. हिशेब केला तर मावशींची मुदत ३१ मार्च २०२३ला संपत होती. वकीलपत्र झालं ६ मार्चला, म्हणजे वकिलाच्या हातात पंचवीस दिवस होते. उशिरा आलेला पक्षकार ही नेहमीची सबब इथे चालण्यासारखी नाही, हे त्या शिक्क्यांवरून दिसतं. पत्राच्या सहा पानांतून हे कळलं नव्हतं.

पुढे पुतण्याच्या व्हॉट्सॲपवर वकिलांचे तीन मेसेज होते. दोनांत नुसतं "पुढची तारीख कळवतो". तिसरा ऑक्टोबर २०२३चा: "अपील चालू आहे, काळजी नसावी." आणि जुलै २०२४मध्ये, बेंदराच्या आदल्या आठवड्यात, शेजारच्या मुलाने न्यायालयांच्या ई-कोर्ट्स या संकेतस्थळावर मावशींचं नाव टाकून पाहिलं. काहीच निघालं नाही. आम्ही न्यायालयात चौकशी करून अपील दाखल नसल्याची खात्री केली.

आता "वाटोळं केलं" या वाक्याच्या जागी फाइलीत हे आलं: ६ मार्च २०२३ रोजी अपिलासाठी वकीलपत्र घेतलं, एकूण पंधरा हजार रुपये घेतले, पैकी पाच हजारांची नोंद जोडली आहे, मुदत ३१ मार्च २०२३ रोजी संपली, अपील दाखल नाही, तरीही ऑक्टोबर २०२३मध्ये अपील चालू असल्याचं लेखी कळवलं. पाच वाक्यं, प्रत्येकामागे एक कागद. रोख दिलेल्या दहा हजारांचा कागद नव्हता, म्हणून तिथे "रोख दिले, पावती दिली नाही" असं स्पष्ट लिहिलं. पुरावा नाही ती गोष्ट लपवायची नाही आणि फुगवायचीही नाही. समोरचा वकील आपल्या उत्तरात नेमकं तिथेच बोट ठेवणार असतो.

यात सगळ्यात जड कागद कोणता? बहुतेक जण म्हणतील, अपील दाखल न केल्याचा. माझ्या मते ऑक्टोबरचा मेसेज. मुदत हुकणं ही चूक असू शकते, आजारपण असू शकतं, कारकुनाचा घोळ असू शकतो. नसलेलं अपील चालू आहे असं सांगणं यातल्या कशातही बसत नाही.

हा फरक माझा नाही, सर्वोच्च न्यायालयाचा आहे. चाळीसेक वर्षांपूर्वीच्या एका प्रकरणात, आणि तेही महाराष्ट्राच्याच बार कौन्सिलमधून वर गेलेल्या, न्यायालयाने चुकीचा सल्ला आणि गैर सल्ला यांत मोठं अंतर असल्याचं सांगितलं. नुसता निष्काळजीपणा, ज्यात बेइमानी नाही, तो व्यावसायिक गैरवर्तन ठरत नाही. लोकांना हे पटत नाही. "माझी जमीन गेली आणि म्हणे निष्काळजीपणा!" पण उलट बाजूने पाहा. प्रत्येक चुकीवर सनद जाणार असेल तर अवघड दावा हातात घ्यायला एकही वकील धजावणार नाही, आणि अवघड दावे गरिबांचेच असतात.

दावा हरलो, ही म्हणूनच तक्रार होऊ शकत नाही. प्रत्येक दाव्यात कुणीतरी हरतंच. विरुद्ध बाजूच्या वकिलाने उलटतपासात घालूनपाडून विचारलं, हीसुद्धा सहसा नाही. दिराच्या वकिलावर चिडून केलेल्या तक्रारी मी खूप वाचल्या. तो वकील दिराचं काम करत होता, तेच त्याचं कर्तव्य. सप्टेंबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच राज्याच्या बार कौन्सिलसंबंधीच्या एका निकालात हे पुन्हा बजावलं. तक्रारदार आणि वकील यांच्यात पक्षकार-वकिलाचं नातं नसेल तर अशी तक्रार सर्वसाधारणपणे टिकत नाही, आणि समितीकडे पाठवण्याआधी कौन्सिलने आपलं "मानायला कारण" नोंदवलं पाहिजे. पहिली पायरी ही टपाल पुढे ढकलायची जागा नाही, हा त्याचा अर्थ. छाननीचं काम केलेल्या कुणालाही तो निकाल वाचून बरं वाटलं असेल.

मग गैरवर्तन म्हणजे नेमकं काय? राज्यांच्या कौन्सिलांच्या वर दिल्लीचं बार कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजेच भारतीय बार कौन्सिल. त्याचे आचारनियम आहेत. सगळे इथे देत नाही, आपल्या भागात वारंवार येणारे दोन सांगते.

पहिला टक्केवारीचा. सातारा-सांगली हा धरणांचा आणि कालव्यांचा मुलूख. कोयना, धोम, कण्हेर, उरमोडी, तारळी, वारणा, वर महामार्गाचं रुंदीकरण. घरटी नाही तरी भावकीत एक तरी वाढीव मोबदल्याचा दावा असतोच. त्यात तोंडी ठरतं: "निकाल लागला की इतके टक्के." वकिलाने निकालावर अवलंबून फी ठरवू नये आणि मिळणाऱ्या रकमेत वाटा घेऊ नये, असा नियम आहे. पक्षकार खूश असला तरी नियम तोच. पटवून देताना मी विचारते, फलाच्या हिश्शावर बाग राखायला दिलेला माणूस आणि पगारी राखणदार, दोघांची नजर सारखी असेल का? तडजोडीची वेळ आली की वकिलाचा सल्ला तुमच्या हिताचा की त्याच्या टक्क्यांच्या, हे तुम्हालाच कळेनासं होतं. न्यायालयातून रक्कम निघाली की पक्षकाराला लवकरात लवकर कळवणं आणि हिशेब देणं, हेही वकिलाचं बंधन आहे. कोऱ्या चेकवर सही करून ठेवलेल्या आजोबांना हे सांगताना फार उशीर झालेला असतो.

दुसरा फाइलींचा. "फी द्या, मग कागद नेऊ देतो." हे इतकं सर्रास चालतं की अनेक चांगल्या वकिलांनाही तो आपला हक्क वाटतो. तो हक्क नाही. २०००मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फी बाकी आहे म्हणून पक्षकाराची फाईल अडवता येत नाही, फीसाठी वेगळा मार्ग घ्यावा. मध्य प्रदेशातल्या एका सहकारी बँकेचे वकील ९७,१०० रुपये बाकी असल्याचं सांगून फाइली देत नव्हते. भारतीय बार कौन्सिलच्या समितीने त्यांना दीड वर्षासाठी वकिलीतून दूर केलं. सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवला, पण कायद्याबद्दलची समजूतच स्पष्ट नव्हती हे धरून शिक्षा ताकिदीवर आणली.

याच प्रकरणात आणखी एक गोष्ट दिसते. ते भारतीय कौन्सिलकडे गेलंच मुळी राज्याच्या समितीने एका वर्षात निकाल दिला नाही म्हणून. कायद्यात तशी तरतूद आहे: वर्षभरात निकाली न निघालेलं प्रकरण दिल्लीकडे वर्ग होतं. त्यामुळे तक्रारीची पोच जपून ठेवा, वर्ष तिथून मोजलं जातं. निर्णय पटला नाही तर तो हातात पडल्यापासून ६० दिवसांत भारतीय बार कौन्सिलकडे अपील, आणि त्यांच्या निर्णयावर पुन्हा ६० दिवसांत थेट सर्वोच्च न्यायालय. मधे उच्च न्यायालय नाही, हे ऐकून साताऱ्यातले वकीलही कधीकधी चकित होतात.

आता त्या प्रश्नाकडे येते: वकिलांचं वकीलच ऐकणार ना? हो, समितीत वकीलच असतात, आणि ही व्यवस्थेतली दुबळी बाजू आहे असं माझं स्पष्ट मत आहे. इंग्लंडमध्ये हे काम वेगळं काढलंय. तिथे सॉलिसिटरांच्या वर्तनावर लक्ष ठेवणारी संस्था त्यांच्या संघटनेपासून २००७मध्ये स्वतंत्र केली गेली, गंभीर प्रकरणं वेगळ्या न्यायाधिकरणासमोर चालतात. काम नीट केलं नाही, फोन घेतला नाही, बिल जास्त लावलं अशा सेवेच्या तक्रारींसाठी २०१०पासून लोकपाल आहे. मावशींचं प्रकरण तिथे असतं तर दोन वेगळ्या टेबलांवर गेलं असतं, एका ठिकाणी पैशाचा विचार, दुसऱ्या ठिकाणी वर्तनाचा. आपल्याकडे पहिलं टेबलच नाही. ग्राहक मंचाचा दरवाजा काही वर्षं किलकिला होता, तोही १४ मे २०२४च्या निकालाने बंद झाला: वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही.

पण "वकील वकिलाला वाचवतात" हे सरसकट खरं नाही. राजस्थानातल्या एका ज्येष्ठ वकिलाने, जवळजवळ पन्नास वर्षांची वकिली झालेल्या, पक्षकाराला पत्र लिहून न्यायाधीशांना देण्यासाठी दहा हजार रुपये मागितले होते. राज्य कौन्सिलने दोन वर्षं निलंबन केलं. अपिलात भारतीय कौन्सिलने नावच कायमचं काढायला सांगितलं. मग त्याच कौन्सिलने पुनर्विलोकनात ते ताकिदीवर आणलं. २००१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो सौम्यपणा रद्द करून नाव काढण्याचा निर्णय परत कायम केला. एकाच प्रकरणात कठोरही निर्णय झाला आणि बोटचेपाही, दोन्ही वकिलांच्याच हातून. आणि टिकलं काय? ते एक पत्र, वकिलाच्या सहीचं. फाइलीत ते नसतं तर कुठलीच समिती काही करू शकली नसती.

गावाकडचा खरा अडथळा निराळा असतो. तक्रार गेल्याचं कळलं की आठवड्यात कुणीतरी मध्यस्थ घरी येतो. सरपंच, पाहुणे, कारखान्याचे कुणी संचालक. "पैसे परत देतायत, सोडून द्या, उद्या तुम्हालाच कोर्टात काम पडणार." मावशींकडेही आले. पैसे घ्यायला माझी हरकत नव्हती, ते त्यांचेच होते. पण सोबत एक टाईप केलेला कागद होता: "गैरसमजातून तक्रार केली होती." त्यावर सही करू नका, एवढंच मी सांगितलं. पैसे मिळाले तर "एवढे पैसे अमुक तारखेला परत मिळाले" इतकंच लिहून द्यावं. नियम असा आहे की केवळ तक्रार मागे घेतली किंवा समेट झाला म्हणून प्रकरण बंद करता येत नाही. कारण हे दोघांचं भांडण नाही, ज्याच्या हातात उद्या दुसऱ्या कुणाचं वकीलपत्र पडणार आहे त्या माणसाच्या लायकीचा प्रश्न आहे. महाराष्ट्र बार कौन्सिल १९७५मध्ये याच भूमिकेतून सर्वोच्च न्यायालयात उभं राहिलं होतं. मुंबईच्या फौजदारी न्यायालयांच्या दारात पक्षकार ओढणाऱ्या वकिलांना दिल्लीच्या समितीने सोडून दिलं, त्याविरुद्ध. वकिलांच्या शिस्तीत कौन्सिल स्वतः "बाधित" असतं, हे सात न्यायाधीशांनी मान्य केलं. पण "गैरसमज झाला" हे तक्रारदाराच्या सहीने आलं की पुरावाच पोकळ होतो, मग नियम काय करणार.

तक्रारदाराइतकाच विचार मी नेहमी समोरच्या वकिलाचाही केला. साताऱ्यासारख्या गावात "त्याच्याविरुद्ध तक्रार झालीय" एवढ्यानेच नवीन पक्षकार यायचे थांबतात. त्याचं म्हणणं मागवलं की ते तितक्याच शांतपणे वाचायचं. फाइलीत "फसवणारे वकील" लिहायचं नाही, "संबंधित वकील" लिहायचं. तक्रारदाराने तीनदा बोलावूनही नकलेचे पैसे दिले नाहीत, असं उत्तरातून निघालेल्या फाइलीही मी पाहिल्या आहेत. सनद म्हणजे एका घराची भाकरी असते. ती काढायची तर आरोप ठामपणे सिद्ध झालाच पाहिजे, संशयावर नाही.

तक्रार लिहिण्याबद्दल थोडक्यात. मराठीत चालते. अर्जाच्या स्वरूपात, सही आणि सत्यापनासह (मजकूर खरा असल्याचं लिहून देऊन), ठरलेल्या फीसह द्यावी. वकिलाचं पूर्ण नाव आणि शक्य तर सनद क्रमांक, तो वकीलपत्रावर सापडतो. मूळ कागद स्वतःकडे ठेवा, प्रती जोडा.

तारखांचा कागद तयार झाला त्याच दिवशी, तक्रार जायच्या आधी, मावशींनी तो प्रश्न विचारला, ज्याची मी पहिल्यापासून वाट पाहत होते. "सनद गेली की माझं शेत येईल न्हवं?"

नाही. समिती वकिलाला शिक्षा देऊ शकते, मावशींना दीड एकर देऊ शकत नाही. नुकसानभरपाई हवी तर दिवाणी न्यायालय. शेत हवं तर अपीलच, आणि ते उशिरा का होईना दाखल करायचं, सोबत विलंब माफीचा अर्ज जोडून. वकिलाच्या चुकीची शिक्षा निर्दोष पक्षकाराला होऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८१मध्येच म्हटलंय, पण त्यासाठी कळल्याबरोबर धावपळ केलेली दिसावी लागते. कौन्सिलचा निकाल येऊ दे, मग बघू, असं म्हणत थांबलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि तो उशीर मात्र त्यांच्याच नावावर लागतो. म्हणून तक्रारीआधी त्याच दुपारी मी मावशींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या खोलीत घेऊन गेले. स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला न मागता.

तिथल्या तरुण वकीलबाईंनी पिशवीतले कागद चाळले आणि विचारलं, "उशीर का झाला, ते तारीखवार लिहून द्याल का?"

मावशींनी आमचा कागद पुढे केला. होळी, ६ मार्च. पाडव्याच्या दोन दिवस आधी, २० मार्च. बेंदराच्या आदल्या आठवड्यात, जुलै २०२४. वकीलबाईंनी सण खोडले, तारखा तशाच ठेवल्या आणि अर्ज टाईप करायला घेतला.